धडगावहून आठवड्यातून दोनदा नंदुरबारला येणं जमत नाही, मग लहान मुलाची थेरपी चालवायची कशी?

प्रश्न धडगाव तालुक्यातल्या एका अंगणवाडी पर्यवेक्षिकेचा आहे. तो थोडक्यात असा: आरबीएसकेच्या (सरकारच्या मुलांच्या आरोग्य तपासणी कार्यक्रमाच्या) तपासणीत दोन मुलं सापडली. एक १४ महिन्यांचा मुलगा. जन्मल्यावर लगेच रडला नव्हता, अजून बसत नाही, पाय कडक वाटतात. दुसरी अडीच वर्षांची मुलगी. चालते, पळते, पण बोलत नाही. दोघांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून थेरपी देणाऱ्या केंद्रात. तिथे आठवड्यातून दोनदा यायला सांगितलं. दोन्ही घरची माणसं एकदा जाऊन आली, परत गेली नाहीत. आता आशा, सेविका, पर्यवेक्षिका आणि केंद्रातले तज्ज्ञ यांनी कोणी काय करायचं?

ताई, ती माणसं परत गेली नाहीत याचा दोष त्यांच्यावर टाकू नका. घाट उतरून जायचं-यायचं म्हणजे पूर्ण दिवस जातो, दोघांची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. एवढं करून हातात काय पडलं? ४० मिनिटं कुणीतरी मुलाचे पाय ताणले, मूल रडलं, आणि चित्रं छापलेला एक कागद मिळाला. आठवड्यातून दोनदा ४० मिनिटं म्हणजे ८० मिनिटं. त्याच आठवड्यात ते मूल ८० तासांच्या आसपास जागं असतं आणि त्या वेळात आई, आजी, मोठी बहीण त्याला शेकडो वेळा उचलतात, भरवतात, धुतात, कडेवर घेतात. या उचलण्या-भरवण्याची पद्धत बदलली तर मुलात फरक पडतो. ती तशीच राहिली तर केंद्रातली ८० मिनिटं वाहून जातात. म्हणून केंद्रात किती वेळा यायचं हे नंतर ठरवू. घरी रोज काय बदलायचं आणि ते घरच्यांना कोण शिकवणार, हे आधी ठरवायचं.

त्याच्याही आधी एक काम आहे, ते घाईत राहून जातं. थेरपी सुरू करण्यापूर्वी, ज्याच्यावर थेट उपचार होऊ शकतो असं काही मागे दडलेलं नाही ना, हे बघायचं.

झटके हे त्यातलं पहिलं. जन्मल्यावर न रडलेल्या काही बाळांमध्ये तीन ते बारा महिन्यांच्या दरम्यान एक वेगळ्या प्रकारचे झटके येतात. झोपेतून उठल्यावर, काही सेकंदांच्या अंतराने, एकामागून एक, मान पुढे झुकते आणि दोन्ही हात झटक्यात वर किंवा बाजूला जातात. घरचे म्हणतात ‘दचकतो’ किंवा ‘पोटात मुरडा येतो’. ताप नसतो, तोंडाला फेस नसतो, म्हणून कुणाला ते झटके वाटतच नाहीत. हे दिसलं की मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायचा आणि त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवायचा. पुढच्या कॅम्पची वाट बघायची नाही, कारण उपचाराला उशीर झाला की मूल शिकलेलंही विसरत जातं. १४ महिन्यांच्या या मुलाच्या घरी हा प्रश्न मुद्दाम विचारा, आणि ‘झटके येतात का?’ असं विचारू नका. हाताने हालचाल करून दाखवा आणि ‘असं कधी होतं का?’ म्हणा.

दुसरं कान. मागून टाळी वाजवली आणि मूल वळलं, ही तपासणी नाही. मुलाला सावली दिसते, हवेची झुळूक लागते, आईच्या चेहऱ्यावरचा बदल कळतो. अडीच वर्षांच्या मुलीची वाचा-उपचाराची पहिली पायरी कानाची यंत्रावरची तपासणी, त्याआधी काही नाही. ओएई, म्हणजे कानात आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी तपासणी, पाच मिनिटांत होते, पण कानात मळ किंवा पाणी असलं तरी ती नापास दाखवते. उलट बाजूही लक्षात ठेवा. जे बाळ एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) राहिलं आहे, ज्याची कावीळ फार वाढली होती, त्याची ओएई पास आली तरी बेरा (कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेची तपासणी) करावीच लागते, कारण कानाच्या आतला भाग ठीक असून पुढची नस बिघडलेली असू शकते. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं. इथेच बहुतेक फेऱ्या वाया जातात, कारण मूल गाडीत झोपतं आणि दवाखान्यात टक्क जागं असतं. घरच्यांना आदल्या दिवशी सांगा: रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, वाटेत खेळवत जागं ठेवा, आणि पोटभर दूध-खाणं तिथे पोचल्यावरच द्या. झोपेचं औषध द्यायचं झालं तर ते तिथले डॉक्टर देतील, घरून काही पाजून न्यायचं नाही.

डोळे: ३४ आठवड्यांच्या आधी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मलं तर पडद्याची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत, फारच अपुऱ्या दिवसांचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. ही मुदत हुकली की गेलेली नजर परत आणता येत नाही. जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू करावं. दर आठवड्याला एक, साधारण पाच ते सात प्लास्टरं लागतात. त्यानंतर बूट-पट्टी तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि मग चार-पाच वर्षांपर्यंत झोपेत. प्लास्टर निघाल्यावर ‘पाय सरळ झाला’ म्हणून बूट-पट्टी सोडून देतात आणि पाय पुन्हा वळतो. आशाताईंनी पाठपुरावा करायचा तो खरा इथे.

रक्त: सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा मुलांची सिकलसेलची (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झालेली असायलाच हवी. सिकलसेल असलेल्या लहान मुलाचा एक हात अचानक लुळा पडला तर तो मेंदूतल्या रक्तपुरवठ्याचा अडथळा असू शकतो, त्यावर मालीश करत बसायचं नाही. डोंगराखालच्या सपाट पट्ट्यात, शाकाहारी घरांत, वर्ष झालं तरी फक्त अंगावरच्या दुधावर असलेलं बाळ सुस्त होतं, पांढुरकं दिसतं, हातावरची कातडी काळवंडते, हसणं-बसणं विसरतं. तिथे बी-१२ची कमतरता आठवा. ती सुया-औषधाने भरून निघते, आणि जितकं लवकर द्याल तितकं मूल अधिक सावरतं.

आता अशी मुलं वेळेत शोधण्याबद्दल. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं, पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. दोन भेटींच्या मधे सहा महिने जातात, आणि सहा महिन्यांच्या बाळाचं तेवढंच आयुष्य असतं. तुमचा १४ महिन्यांचा मुलगा खरं तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच सापडायला हवा होता. आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जातात, नंतर ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात. एवढ्या भेटी हातात असताना पथकाची वाट बघू नका. प्रत्येक सेविकेच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर जोखमीच्या बाळांची यादी ठेवा: उशिरा रडलेलं, दूध न ओढलेलं, झटके आलेलं, अपुऱ्या दिवसांचं, मेंदूज्वर झालेलं, एसएनसीयूतून घरी आलेलं. या यादीतल्या बाळांची आशाताईंच्या प्रत्येक भेटीत हालचाल बघायची.

बघायची म्हणजे जमिनीवर गोधडी टाकून, स्वतःच्या डोळ्यांनी. ‘बसतो का?’ विचारलं की आई ‘हो’ म्हणते, कारण तिच्या मांडीत तो बसतोच. चार महिने संपले तरी मान धरत नाही, मुठी उघडत नाहीत, अंगठा तळव्यातच राहतो. नऊ-साडेनऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही. वर्षाच्या आत एकच हात वापरतो आणि दुसरा दुर्लक्षित ठेवतो. वर्षाचा झाला तरी नावाला वळत नाही. दीड वर्षाला बोट दाखवून काही मागत किंवा दाखवत नाही, किंवा चालत नाही. दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही. यांपैकी एक दिसलं तरी पुढे पाठवा. ‘डावखुरा असेल’ असं म्हणून तो एक हात सोडून देऊ नका. वर्षाच्या आतलं बाळ डावखुरं किंवा उजवखुरं नसतं. आणि शिकलेलं विसरणं, कुठल्याही वयात, तातडीचं समजा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय मोजताना चूक होते. ३२ आठवड्यांना जन्मलं म्हणजे ८ आठवडे आधी, म्हणून जन्मवयातून दोन महिने वजा करायचे, आणि दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं. लसीकरणाला मात्र हे लावायचं नाही, लस जन्मतारखेनेच. पाड्यावर तारीख कुणाला आठवत नसेल तर एमसीपी (माता-बाल संरक्षण) कार्ड बघा. कार्ड नसेल तर होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आधी की नंतर, भात कापणीच्या वेळी की दिवाळीला, असं विचारत महिना पक्का करा.

यापुढे केंद्रातल्या तज्ज्ञांसाठी. मूल आलं त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचार तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक यांनी वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळ्या वेळी तपासणं बंद करा. एकाने मुलाशी खेळायचं, बाकीच्यांनी त्याच खोलीत बसून बघायचं, आणि प्रश्न एकदाच विचारायचे. प्रसूती कुठे झाली हे आईने चार वेळा का सांगावं? शेवटी कागद एकच, त्यावर जास्तीत जास्त तीन गोष्टी, आणि खाली एकाच माणसाचं नाव. त्या घराशी बोलणारा तो एकच माणूस. ज्या तज्ज्ञाचं काम मुलाच्या सगळ्यात मोठ्या अडचणीशी जुळतं, तो. बाकीचे त्याला मागून शिकवतात. चार तज्ज्ञांनी चार कागद दिले, प्रत्येकावर दहा व्यायाम, की घरी एकही होत नाही. आपली विद्या दुसऱ्याच्या हातात देणं काहींना रुचत नाही हे खरं, पण पाड्यावरच्या मुलासाठी याहून चालणारी पद्धत मला माहीत नाही.

पहिल्या मुलाचा कागद कसा दिसेल ते सांगतो.

पहिली ओळ झोळीची. आई कामात असते, मूल रडतं, म्हणून ते दिवसभर झोळीत. झोळीत पाठीचा कणा वाकतो, खांदे पुढे येतात, दिसतं फक्त छप्पर. कडकपणा असलेल्या मुलाला तिथे डोकं मागे ताणायची सवय लागते. झोळी काढून टाका म्हणणं अव्यवहारी आहे. झोळी झोपेपुरती, जागं असताना गोधडीवर. गोधडीची घट्ट वळकटी करायची, मोठ्या माणसाच्या दंडाएवढी जाड. ती छातीखाली, काखेच्या बरोबर खाली ठेवायची, हात वळकटीच्या पुढे काढायचे, आणि समोर एक हातभर अंतरावर चकचकीत स्टीलची वाटी. दोन-तीन मिनिटं पुरे. मान खाली पडू लागली, रडू लागलं की उचलायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. भाकरी थापायला बसताना, भांडी घासताना, असं कामाला बांधून द्या. ‘दिवसातून २० मिनिटं व्यायाम’ असं सांगितलं की तो कधीच होत नाही.

दुसरी ओळ उचलण्याची. पाठीवर झोपलेल्या मुलाला दोन्ही हातांना धरून खेचून उठवलं की ते ताठ होतं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. आधी कुशीवर वळवायचं, मग एक हात काखेखाली, एक हात मांड्यांखाली, गुडघे वाकवून उचलायचं. कडेवर घेण्याची आपली पद्धत या मुलांसाठी उत्तम आहे. आईच्या कमरेला दोन्ही बाजूंनी पाय येतात, मांड्या फाकलेल्या राहतात, मान सरळ ठेवून जग दिसतं. फक्त बाजू बदलत राहायची. पाय लांब करून, मुलाला पायांवर घेऊन न्हाऊ घालण्याची पद्धतही चालू राहू द्या. कोमट पाण्यात अंग सैल झालेलं असतं, तेव्हा मांड्या हळूच बाजूला करून दहापर्यंत मोजायचं. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. जोर लावून सांधे ओढणं, ‘कट’ आवाज येईपर्यंत दाबणं नको. कडक स्नायू झटक्याने ओढला की आणखी कडक होतो.

तिसरी ओळ बसण्याची, आणि ती भरवण्याशी जोडलेली. भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना गोधड्या लावून बसवता येतं, पण कोपरा-खुर्ची केली तर जास्त बरं. रावेर-यावलकडे केळीची जाड खोकी सहज मिळतात, तशी कुठलीही कोरुगेटेड खोकी चालतील. पुठ्ठ्याचे पाच-सहा थर खळीने चिकटवायचे, एका थराच्या नाळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे फळी वाकत नाही. वजन ठेवून दाबायचं आणि आतपर्यंत कडक वाळल्याशिवाय वापरायचं नाही. ओल राहिली तर महिन्यात बुरशी धरते आणि बसका भाग खचतो. मापं मुलाची घ्यायची. बैठकीची खोली म्हणजे ढुंगणापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतच्या अंतरातून दोन बोटं कमी. उंची म्हणजे गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंत, पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे. पुढचा ट्रे कोपराच्या उंचीला. बैठक खोल झाली की मूल पुढे घसरतं आणि पाठ वाकते. ‘मोठा होईल तर वापरता येईल’ म्हणून मोठी खुर्ची करू नका. पायांच्या मधे एक गुंडाळलेलं फडकं ठेवलं की घसरणं थांबतं आणि मांड्याही बाजूला राहतात. चाकांचा गोल वॉकर मात्र घरातून बाहेर काढा. त्यात मूल चवड्यांवर लटकतं, टाच टेकत नाही, आणि उंबऱ्यावरून उलटतं. लाकडी पांगुळगाडा, जे मूल धरून उभं राहतं त्याच्यासाठीच.

भरवण्यावर जरा थांबतो, कारण इथे मुलाचा जीव अडकलेला असतो. सेरेब्रल पाल्सीचं मूल, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचाल बिघडलेलं मूल, तीव्र कुपोषित म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात जातं, तिथे वजन वाढतं, घरी आल्यावर पुन्हा उतरतं. लोक म्हणतात आई लक्ष देत नाही. खरं कारण बहुतेक वेळा असं की मूल चावू-गिळू शकत नाही, एका जेवणाला तास लागतो, निम्मं बाहेर येतं, आणि आई थकते. आडवं झोपवून, नाक दाबून किंवा मान मागे टाकून भरवलेलं अन्न श्वासनलिकेत जातं. दर महिन्याला ‘छाती भरते’ असं मूल दिसलं तर आधी त्याला भरवताना बघा.

बसवायचं ताठ, कंबर-गुडघे वाकलेले, हनुवटी किंचित खाली. भरवणारी समोर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. वरून भरवलं की मूल मान वर करतं आणि श्वासनलिका उघडी पडते. चमचा लहान आणि उथळ. तो जिभेच्या मधोमध हलकेच दाबायचा, ओठ मिटेपर्यंत थांबायचं, मग सरळ बाहेर काढायचा. वरच्या हिरडीवर घास पुसून ठेवायचा नाही. पातळ पेज सगळ्यात धोक्याची, कारण ती गिळण्याच्या आधीच मागे वाहते. नागलीची दाट खीर, मऊ भगर, कुस्करलेलं केळ, घोटलेली मुगाची खिचडी चालते. कसोटी सोपी आहे: चमचा तिरका केला की घास एकत्र गोळ्याने हळू खाली यावा. धार लागली तर पातळ, चिकटून बसला तर घट्ट. प्रत्येक वाटीत एक चमचा तेल किंवा शेंगदाण्याचं बारीक कूट घाला, म्हणजे थोड्या घासांत ताकद जाते. अर्ध्या तासात जेवण थांबवायचं आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यायचं. खाताना खोकला, डोळ्यांत पाणी, घशातून गुळगुळ आवाज, ओठ निळसर झाले तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. वजन दर महिन्याला, त्याच काट्यावर.

हे सगळं शिकवायचं कसं, यात केंद्रातले लोक सगळ्यात जास्त चुकतात. थेरपिस्ट करून दाखवतो, आई मान हलवते, संपलं. तसं नको. आधी आईला म्हणा, ‘तुम्ही रोज कसं भरवता ते दाखवा.’ बघा. त्यातलं जे बरोबर आहे ते आधी सांगा. मग एकच गोष्ट बदला, स्वतः करून दाखवा, आणि हात मागे घ्या. आईने मुलावर करायचं, तुम्ही तोंडाने सांगायचं. तिला ती गोष्ट न विचारता दोनदा जमली की त्या दिवसाचं काम झालं. त्याच वेळी तिच्याच किंवा शेजारच्यांच्या मोबाइलवर, तिचेच हात दिसतील असा ४० सेकंदांचा व्हिडिओ काढून द्या. छापील चित्रापेक्षा तो घरी दहा वेळा बघितला जातो आणि आजीलाही दाखवता येतो. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न ‘केलं का?’ असा नको, कारण त्याला उत्तर ‘हो’च येतं. ‘यातलं कुठलं जमलं नाही?’ असं विचारा.

दुसरी मुलगी. कान ठीक निघाले असं धरू. पथकातल्या कुणीतरी सांगितलं असेल की घरी पावरी, अंगणवाडीत मराठी, म्हणून ती गोंधळली. हे चूक आहे. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. शब्द मोजताना पावरीतला शब्दही मोजा आणि मराठीतलाही. आईला ‘घरी मराठी बोला’ असं कधी सांगू नका. तिला मराठी मोडकी येते, मग ती मुलीशी कमीच बोलते, आणि होतं नव्हतं ते बोलणंही बंद होतं. अहिराणी, भिली, मावची, जी घरची भाषा असेल तीच थेरपीची. तज्ज्ञाला येत नसेल तर सेविकेला मधे बसवा.

सांगायच्या गोष्टी चारच. मुलीच्या चेहऱ्यासमोर बसून बोला, घरातून हाक मारत नको. ती बघते त्याच वस्तूचं नाव घ्या: शेळी, पाणी, कोंबडी. ती एक शब्द म्हणाली की त्यात एक जोडून परत म्हणा. दोन वस्तू दोन हातांत धरा, कोणती हवी विचारा, आणि मनात दहा मोजेपर्यंत गप्प राहा. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड जातं आणि उपयोगी तेच पडतं. बोट दाखवलं, आवाज काढला, नजर वळवली, तरी वस्तू द्या. ‘बोल, बोल, आई म्हण’ असा धोशा लावला की मूल तोंड फिरवतं. मोबाइलवरची गाणी बंद. रंग-आकडे घोकून म्हणणारी, पण पाणी न मागणारी मुलं आता खेड्यातही दिसतात.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांमध्ये ऑटिझमची (इतरांशी संवाद साधण्यातल्या अडचणीची) लक्षणं चाचपण्यासाठी एम-चॅट ही २० प्रश्नांची यादी आहे, ती तिच्या आईला तिच्या भाषेत विचारा. गुण ३ ते ७ आले तर अडलेले प्रश्न उदाहरणं मागून पुन्हा विचारायचे, ८ किंवा जास्त असतील तर सरळ पुढच्या तपासणीला. यादीवरून ‘ऑटिझम आहे’ असं घरी सांगायचं नाही. पण निदानाचा कागद येईपर्यंत थांबायचंही नाही, वरच्या चार गोष्टी त्याच दिवशी सुरू.

कान खराब निघाले तर श्रवणयंत्र मिळवण्यापेक्षा ते टिकवणं अवघड. लहान मुलाचा कान वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा दर दोन-तीन महिन्यांनी सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारतं. आई ते त्रासून काढून ठेवते. शिट्टी म्हणजे यंत्र बिघडलं असं नाही, नवा साचा हवा. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात घामाने नळीत पाणी साचतं. रात्री यंत्र सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवायचं. जागं असताना पूर्ण वेळ घालायचं, ‘शिकवण्यापुरतं’ नाही. जन्मजात पूर्ण बहिरेपणात कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्रासाठी) सरकारी मदत आहे, पण वय पाचच्या आत लागतं, आणि भाषेच्या दृष्टीने जितकं आधी तितकं बरं. त्यामुळे ही फाइल कुणाच्याही टेबलावर पडून राहू देऊ नका.

स्थलांतर. ऊसतोडीला, गुजरातेत कामाला कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर निघतात. त्याआधी त्या घरी एकदा जाऊन या. औषध चालू असेल तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, त्याची ताकद आणि मिलीमध्ये मात्रा ठळक लिहून घ्या, कंपनीचं नाव तिकडच्या दुकानात मिळेलच असं नाही. झटक्यांचं औषध संपलं म्हणून एकदम थांबवलं तर सलग झटके येऊन मूल दगावू शकतं, हे बापालाही समोर बसवून सांगा. सगळ्या कागदांचे फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. फडावर लहान भाऊ सांभाळणारी आठ-दहा वर्षांची बहीण असते. तिला व्यायाम देऊ नका, खेळ द्या: कोणत्या बाजूला बसून वाटी वाजवायची, कसं कडेवर घ्यायचं. होळीला बहुतेक घरं परततात. केंद्राचा कॅम्प मार्च-एप्रिलच्या शासकीय सोयीने न ठेवता होळीच्या आठवड्याला जोडून ठेवला तर दुप्पट मुलं भेटतील.

घरच्यांशी बोलताना आई-बाप दोघं असावेत, जमलं तर आजीही. ग्रहण पाळलं नाही म्हणून, नजर लागली म्हणून, आईवरच बोट रोखलेलं असतं. तिच्या चुकीने काही झालं नाही, हे सगळ्यांदेखत, स्पष्ट शब्दांत सांगा. भगताकडे जातात त्याची टिंगल नको. पूजा करू द्या, पण डागणं नको आणि औषध थांबवणं नको, एवढं भगतालाच विश्वासात घेऊन सांगता येतं. ‘कधीच चालणार नाही’ किंवा ‘मोठा झाला की होईल’, दोन्ही वाक्यं टाळा. सेरेब्रल पाल्सीत दोन वर्षांपर्यंत आधाराशिवाय बसू लागलेली बहुतेक मुलं पुढे चालतात, साधन घेऊन का होईना. म्हणून या मुलाचं पुढच्या दहा महिन्यांचं ध्येय बसणं, असं सांगितलं तर घरच्यांच्या हाती धरायला काहीतरी राहतं.

कागदपत्रं बाजूला चालू द्या. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. एक ते पाच वर्षांच्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्वाऐवजी सर्वांगीण विकासातील विलंब असं लिहून मिळतं आणि पाचव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, यात काही गैर नाही. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण आहे, त्यात थेरपीचा खर्चही येतो. मुलगा तीन वर्षांचा झाला की तो इतर मुलांबरोबर अंगणवाडीत बसला पाहिजे; नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या दिव्यांग बालकांसाठीच्या अंगणवाडी प्रोटोकॉलमध्ये हेच अपेक्षित आहे. सुरुवातीला गाणी आणि जेवण एवढा वेळही चालेल, आपली कोपरा-खुर्ची घेऊन.

तर केंद्रात किती वेळा? पहिल्या महिन्यात दोनदा, त्यानंतर दीड महिन्यातून एकदा, आणि ती भेट रिकामी जाऊ द्यायची नाही. वजन, औषधाची मात्रा, नवा साचा, पायाला आधार देणाऱ्या पट्ट्याचं (स्प्लिंटचं) माप, सगळं एकाच दिवशी. पट्टा काढल्यावर उमटलेला लाल डाग २० मिनिटांत गेला नाही तर पट्टा चुकीचा आहे, तो तसाच घालायला लावू नका. न चालणाऱ्या मुलाच्या खुब्याचा एक्स-रे वय दोनच्या आत एकदा आणि पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी काढायचा. खुबा हळूहळू, न दुखता निसटतो आणि दुखायला लागेपर्यंत मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ येते. मधल्या काळात ठरलेल्या वारी सेविकेने एक व्हिडिओ पाठवायचा आणि कागदावर ज्याचं नाव आहे त्याने त्याच दिवशी फोन करायचा. रेंज नसेल तर तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी. ठरलेल्या तारखेला कुटुंब आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पहिला फोन केंद्रातून जायला हवा.